लॉयल्टीच्या पोटात एक पाळी

आधी अंगातला तो पॉलिस्टरचा टी-शर्ट काढा. आपण जाणार आहोत तिथे ठिणग्या उडतात, आणि पॉलिस्टरला ठिणगी लागली की ते कातडीलाच चिकटतं. सुती बंडी चालेल. गळ्यात पंचा अडकवा, घाम पुसायला आणि तापलेलं लोखंड धरायला तोच कामी येईल. चपला नकोत, जाड तळाचे बूट घाला. मोबाइल इथेच ठेवा. रेंज तर नसेलच, शिवाय तुम्ही खिशातून तो चकचकीत तुकडा काढलात की सगळे तुमच्याकडे बघत बसतील, आणि त्या जागेत क्षणभर दुसरीकडे बघणारा माणूस भाजतो.

आता सुप्याच्या माळावर उभे राहा. बारामतीकडचं सुपं नव्हे, आपलं पारनेर तालुक्यातलं, पुणे-नगर रस्त्यावरचं. डोक्यावर पवनचक्कीचं पातं घोंघावतंय, खाली रस्त्यावर ट्रकांची रांग, पलीकडे एमआयडीसीच्या शेड, आणि उन्हाळा असल्यामुळे कुठल्यातरी वस्तीकडे निघालेला पाण्याचा टँकर. समुद्र इथून सह्याद्रीच्या पार पलीकडे. डोळे मिटा. पात्याचा आवाज मोजत राहा. हळूहळू त्यात दुसरा आवाज मिसळेल, जड, खालून येणारा, पायांच्या तळव्यांना आधी आणि कानांना मागून कळणारा. वारा खारट लागला की डोळे उघडा.

मुंबई बंदर. ५ एप्रिल १९१९. एवढी एक तारीख ध्यानात ठेवा, बाकीच्या विसरलात तरी चालेल.

तुम्ही लंडनला निघालेल्या ‘लॉयल्टी’ या बोटीच्या डेकवर उभे आहात आणि तुमच्या पायावर नुकतीच कुणाचीतरी ट्रंक येऊन पडली आहे. सॉरी म्हणायला इथे कुणाला सवड नाही. सामान उचलणारे हमाल ओरडताहेत, दोरखंड ओढणारे खलाशी ‘हबेस!’ म्हणून वर खेचताहेत आणि ‘आरिया!’ म्हणून खाली सोडताहेत. झेंडूच्या हारांचा वास, डांबराचा वास, ओल्या काथ्याचा वास, आणि या सगळ्यांवर बारीक राखेचा थर. हात कठड्यावर ठेवलात तर उचलताना काळा होईल. पांढरे कपडे घालून आलेली मंडळी सारखी खांदे झटकताहेत, पण वर दोन धुरांडी धूर सोडत असताना झटकून काय होणार?

बोट मात्र देखणी आहे, हे मान्य करा. पुढे झुकलेली टोकदार नाळ, तीन डोलकाठ्या, लांब सडपातळ अंग. एखाद्या उमरावाने हौसेने बांधून घेतलेली यॉट वाटावी. प्रत्यक्षात ती १८९१ साली इंग्लंडातल्या बॅरो इथे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी बांधलेली प्रवासी बोट. तेव्हा नाव होतं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, आणि ती व्हँकुव्हरहून जपान आणि हाँगकाँगकडे जायची. उमराव तिला पुढे खरोखरच भेटला. महायुद्ध सुरू झालं तेव्हा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेऊन तिचं इस्पितळ-जहाज केलं आणि लॉयल्टी हे नाव ठेवलं. शिंदे म्हटल्यावर कान टवकारले ना? टवकारणारच. महादजी शिंद्यांचा वाडा तुमच्याच तालुक्यात, जामगावला उभा आहे.

आज तिचा मालक पुन्हा बदलला आहे. नव्या मालकांपैकी एक जण वर प्रवाशांत आहे: सोलापूरचे वालचंद हिराचंद, वय छत्तीस, बार्शी लाइट रेल्वेची ठेकेदारी करता करता मोठा झालेला माणूस. खडी, रूळ, बोगदे यांच्या हिशेबात वाढलेल्या या गृहस्थाने आणि त्याच्या भागीदारांनी सिंदिया नावाची जहाज कंपनी काढली आणि पहिल्याच झटक्यात ही बोट घेतली. दुष्काळी मुलखातली माणसं पाणी दिसलं की थांबत नाहीत, हे काही तुम्हाला सांगायला नको. पण वरच्या लोकांत रेंगाळू नका. भाषणं, हारतुरे, हस्तांदोलनं सगळीकडे सारखीच असतात. आपलं काम खाली आहे.

तो लोखंडी दरवाजा ढकला.

आधी उष्मा येईल. तोंडावर नाही, थेट छातीवर. पाठोपाठ वास: एरंडेल आणि खनिज तेल एकत्र तापल्याचा, गरम रंगाचा, ओल्या वाफेचा, खाली साठलेल्या खळखळत्या सांडपाण्याचा. पायाखाली जाळीची लोखंडी फरशी आहे आणि तिच्या भोकांतून खाली तीन मजले दिसताहेत. घाबरू नका, पण कठडा धरा. नाही, उघड्या हाताने नको! म्हणूनच पंचा दिला होता.

शिडीवरून तोंड शिडीकडे ठेवूनच उतरा. साहेब लोक सरळ पुढे तोंड करून उतरतात, तो त्यांचा रुबाब. तुम्ही पहिल्यांदाच आला आहात.

तळाशी पोचलात की मान वर करून बघा. दोन इंजिनं शेजारीशेजारी उभी आहेत, दोन पंख्यांसाठी दोन, प्रत्येकी घरापेक्षा उंच. प्रत्येकाच्या माथ्यावर तीन सिलिंडर: एक लहान, एक मधला, एक अवाढव्य. बॉयलरकडून आलेली ताजी वाफ आधी लहान्यात शिरते, तिथे जोर लावून थकते, मग मधल्यात, मग थोरल्यात. दाब कमी होत जातो म्हणून जागा वाढवत न्यायची. एकाच वाफेकडून तीनदा काम करून घ्यायचं. ही काटकसर ज्याने शोधली त्याला आपण पारनेर तालुक्यात मानाचं पान दिलं असतं.

घंटा वाजली. दचकू नका, हा टेलिग्राफ आहे. पितळेची मोठी तबकडी, त्यावर काटा: थांबा, सावकाश, निम्मा वेग, पूर्ण वेग. वर कप्तानाच्या खोलीत कुणी दांडा फिरवला की इथला काटा फिरतो आणि घंटा ठणाणते. इथल्या साहेबाने आपला दांडा त्याच खुणेवर आणून ‘समजलं’ असा जबाब द्यायचा. दोन इंजिनं, म्हणून दोन तबकड्या. साहेब एका हाताने दांडा फिरवतो, दुसऱ्याने वाफेचं चाक. आधी सगळीकडून फुसफुस, सिलिंडरांखालच्या नळ्यांतून गरम पाण्याच्या चिळकांड्या, मग एक खोल निःश्वास, आणि माणसाच्या कमरेपेक्षा जाड पोलादी दांडे हलतात. सावकाश. इतके सावकाश की तुम्हाला वाटेल एवढंच? थोड्या वेळाने बोट बंदराबाहेर पडली, वेग वाढला की मग बघा. सगळी खोली मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा हादरते, आणि तुमचे दात आपोआप त्या तालात येतात.

तुम्हाला वाटत होतं कान फुटतील. तसं होत नाही, हे पहिलं आश्चर्य. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा टकटकाट आठवा, शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही. वाफेचं इंजिन एवढं प्रचंड असून फटफटत नाही, घुसळतं. ताकाच्या डेऱ्याशी बसल्यावर येतो तो आवाज, फक्त डेरा तीन मजली. त्यामुळे इथे माणसं कानाने काम करतात. एखादा बेअरिंग कुरकुरला तर गप्पा मारणारा माणूस अर्ध्या वाक्यात थांबतो.

तो बघा तेलवाला. वय सांगता येणार नाही, चेहरा सगळा तेलाने चकाकतोय. हातात लांब चोचीचं तेलाचं भांडं. खाली क्रँक गरगर फिरतंय, हात सापडला तर खांद्यापासून जाईल, आणि हा माणूस दर फेऱ्याला हात पुढे करतो, फिरत्या बेअरिंगबरोबर तोही हात वरखाली नेतो, तळव्याने क्षणभर स्पर्श करतो आणि काढून घेतो. काय बघतोय? ताप. कोमट असलं तर ठीक, चटका बसला तर साहेबाला हाक आणि पाण्याची नळी. थर्मामीटर नाही, सेन्सर नाही, दिवा लागत नाही. हात.

तो तुम्हाला खुणेने बोलावतोय. ‘हाथ लगाव.’ लावा की! ताल धरा. एक, दोन, आता... शाबास. तळव्यावर दुधाळ फेस राहिला ना? तेल आणि पाणी एकत्र घुसळलं की असंच होतं. जीन्सला पुसू नका, डाग जायचा नाही. अरे हो, तुम्ही जीन्स घालूनच आलात. असो.

आता पुढच्या भिंतीतल्या त्या बुटक्या दरवाज्यातून वाकून आत चला. इथून पुढे माझी विनोदबुद्धी जरा कमी चालेल.

ही भट्ट्यांची खोली. दोन्ही बाजूंना बॉयलर, त्यांच्या पोटात ओळीने भट्ट्यांची तोंडं. पारा पन्नास अंशांवर सहज जातो. मे महिन्यात नगरच्या स्टँडवर दुपारी दोनला उभे राहिला असाल तर उन्हाची सवय असेल, पण ते ऊन एकाच बाजूने येतं. इथे भट्टीचं दार उघडलं की समोरून पांढरा झोत येतो, पाठीमागच्या बॉयलरचं दार कुणी उघडलं तर मागूनही. डोळ्यांच्या कडा कोरड्या पडतात. भुवया जळल्याचा बारीक वास येतो, तो तुमच्याच.

आगवाले उघड्या अंगाने, कमरेला फडकं गुंडाळून उभे आहेत. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या बोटींवर साधारण रीत अशी: डेकवरचे खलाशी रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, खानपानाला गोव्याचे ख्रिस्ती, आणि आगीपुढे पंजाबी किंवा पठाण. यांचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली टिंडल. पाळी चार तासांची, मग आठ तास सुटी, मग पुन्हा चार तास. त्या चार तासांत एकेका आगवाल्याच्या हातून टनावर कोळसा भट्टीत जातो. नुसता फेकायचा नसतो, हं. फावडं आत नेऊन मनगटाला असा झटका द्यायचा की कोळसा पातळ, सारखा पसरला पाहिजे. ढीग झाला तर खालची हवा कोंडते, आच मंदावते, दाब उतरतो, आणि वरून साहेब ओरडतो. मग लांब सळई घालून विस्तव ढवळायचा, चिकटलेला खंगर फोडून बाहेर ओढायचा. तो लाललाल खंगर फरशीवर पडतो, त्यावर पाण्याची बादली, आणि गंधकाच्या वासाची वाफ सगळ्यांच्या घशात. खोकला काढून घ्या, कुणी काही म्हणणार नाही. सगळेच खोकताहेत.

बोट एका अंगावर कलली की काय होतं ते बघा. फावड्यातला कोळसा भट्टीच्या दाराबाहेर सांडतो, आगवाला पाय रोवतो, आणि एका क्षणी त्याला बॉयलरला टेकावंसं वाटतं. टेकायचं नाही. हे शिकलेली माणसं खांद्यांवरच्या वणांवरून ओळखू येतात.

या कोळशामागे आणखी एक जण आहे, तो दिसतसुद्धा नाही. कोयलावाला. कोठारात, अंधारात, एका दिव्याच्या उजेडात तो कोळसा खणून आगवाल्यापर्यंत आणून टाकतो. प्रवासाच्या सुरुवातीला कोळसा दाराशीच असतो म्हणून काम सोपं. जसजशी बोट पुढे जाते तसतसा कोळसा मागे सरतो आणि याची चाल वाढत जाते. लंडन जवळ येईल तेव्हा याची ढोपरं सोलवटलेली असतील. डेकवरच्या मंडळींना मात्र पुढे जाताना सगळं सोपं होत गेल्यासारखं वाटेल.

तहान लागली? कोपऱ्यात कॅनव्हासची पिशवी टांगली आहे. घोटभरच. आणि इथे तुम्हाला, सुप्याच्या माणसाला, या बोटीचं खरं दुखणं कळेल. चारी बाजूंना पाणीच पाणी, आणि खाली सगळी चिंता पाण्याची. समुद्राचं पाणी बॉयलरला चालत नाही. मीठ आत थर धरून बसतं, लोखंड जास्त तापतं आणि शेवटी फुगून दगा देतं. म्हणून गोडं पाणी जपायचं. इंजिनातून बाहेर पडलेली वाफ वाया जात नाही. ती कंडेन्सरमध्ये जाते, तिथे नळ्यांतून समुद्राचं थंड पाणी फिरत असतं, वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि ते पंपाने परत बॉयलरला. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. एखादी नळी झिजली आणि खारं पाणी आत झिरपलं तर सगळ्यांचे चेहरे उतरतात. गळतीतून कमी पडेल तेवढं भरून काढायला समुद्राचं पाणी उकळून गोडं करणारं यंत्र वेगळं. तुमच्याकडे राळेगणसिद्धीला नाल्यावर बांध घालणारी माणसं आणि हा कंडेन्सरपाशी कान लावून बसलेला माणूस एका पंगतीला बसले तर त्यांना बोलायला विषय कमी पडणार नाही. बॉयलरच्या काचेच्या नळीतली पाण्याची पातळी इथे देवासारखी बघतात. ती दिसेनाशी झाली तर कुठे पळायचं हा प्रश्न उरत नाही, कारण पळायला जागाच नाही.

चला, थोडी हवा खा. त्या उंच भोंग्याच्या तोंडाखाली उभे राहा. वरून वारा येतोय, त्यातला थोडा तुमच्या वाट्याला. आगवालेही पाळीपाळीने इथेच येतात, तेव्हा जास्त वेळ अडवून ठेवू नका.

आता वीज. तुम्ही याचीच वाट बघत होतात, मला ठाऊक आहे. ज्याच्या विहिरीवर पंप आहे तो कुठेही गेला तरी आधी स्टार्टरची पेटी शोधतो. इंजिनखोलीच्या कडेला या, इथे मोठ्या इंजिनांच्या मानाने पोरसवदा असं एक उभं वाफेचं इंजिन भरधाव फिरतंय आणि त्याच्या दांड्यावरच डायनॅमो बसवला आहे. याच डायनॅमोवर वरच्या केबिनी, जेवणघर, जिने सगळे उजळतात. वास घ्या: तापलेल्या लाखेचा आणि त्यात ठिणगीचा तिखट वास. कम्युटेटरवर ब्रश घासले जाताहेत, निळ्या ठिणग्या उडताहेत. ठिणगी बारीक असेपर्यंत माणूस शांत असतो.

तुम्ही विचाराल, फेज किती? एकही नाही. हा डीसी, त्या काळच्या बोटींवर असायचा तसा, साधारण शंभर व्होल्टच्या घरातला. थ्री-फेज रात्री दोनला येणार की दिवसा, हा प्रश्न इथे कुणाला पडत नाही. बॉयलरला वाफ आहे तोवर वीज आहे.

स्विचबोर्ड त्या पिढीच्या बोटींवर असतो तसाच: दगडी पाटी, तिच्यावर पितळेचे उघडे खटके, सुरीच्या पात्यांसारखे. झाकण नाही, कव्हर नाही. बोट डोलत असताना इथे तोल गेला तर हात कुठे जाईल याचा विचार करून मी स्वतः दोन पावलं मागे उभा आहे, तुम्हीही राहा. पाटीच्या माथ्यावर दोन दिवे शेजारीशेजारी जळताहेत. ते उजेडासाठी नाहीत. दोन्ही सारखे मंद जळत असले म्हणजे सगळं ठीक. एक विझू लागला आणि दुसरा तेजाळला, की समजायचं कुठेतरी तार बोटीच्या लोखंडाला लागली आहे. मग वायरमन तारांमागे फिरायला निघतो. तारा रबराच्या वेष्टनात आणि लाकडी पट्टीत बसवलेल्या, आणि समुद्राचं खारं पाणी लाकडात मुरतं, तांब्यावर हिरवं चढतं. सुप्यात स्टार्टरमध्ये पाल जाऊन बसते, इथे समुद्र जाऊन बसतो.

दिव्यांचा उजेड तुम्हाला मिणमिणता वाटेल. तांबूस, थोडा थरथरणारा. तरीही तेलाचे दिवे खुंट्यांवर भरून तयार ठेवले आहेत, कारण अंधारात इंजिन फिरतच राहतं आणि तेलवाल्याला हात तर घालावाच लागतो.

पंख्याच्या दांड्याचं भुयार मी तुम्हाला दाखवणार होतो, पण ते ओणवं होऊन जायचं लांबलचक भुयार आहे, थंड आहे, आणि तुम्ही तिथे गेलात तर परत यायचं नाव घेणार नाही. बोगद्याच्या टोकाला समुद्र पलीकडून आदळतो तो ऐकायला मिळतो, एवढं सांगतो.

आठ टोले पडले. पाळी बदलली. वर चढा, आता शिडी दुप्पट उंच वाटेल. भंडाऱ्याने भात, डाळ आणि सुकी मासळी केली आहे. हात धुवायला खारं पाणी, साबणाला फेस येणार नाही. निजायची जागा बघून हसू नका. बोटीवरच्या हिंदी खलाशाला गोऱ्यापेक्षा कमी जागा, हे कायद्यानेच ठरलेलं होतं. तुमच्या अंथरुणाशेजारचा आगवाला मात्र पाठ टेकताच झोपला आहे. त्याचे तळवे उघडे आहेत. आठ तासांनी पुन्हा तेच.

तुम्हाला परत न्यायला हवं. सुप्यात टँकर आला असेल.

जाण्याआधी पुढचं ऐकून घ्या. लॉयल्टी लंडनला पोचली, पण कंपनीला तिने फार काळ साथ दिली नाही. बोट जुनी होती, अठ्ठावीस वर्षांची, आणि खर्च मोठा. १९२३ साली ती मुंबईतच मोडीत निघाली. ती लंडनला निघाली तो ५ एप्रिल हा दिवस मात्र १९६४ पासून भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वालचंद हिराचंदांचं नाव घेतलं जातं, आणि घ्यायलाच हवं. जामगावचा वाडा बघायला पोरांना घेऊन जाल तेव्हा त्यांना शिंद्यांच्या या बोटीची गोष्ट सांगा, आणि सांगताना सुरुवात तेलवाल्याच्या हातापासून करा.